अमेरिकन पेरोलचा (तिकडच्या पगारपत्रकाचा) क्लास, गोखले रोड, ठाणे: युनियनच्या धड्यासाठी तरी जा

आधीच सांगते, फ्लेक्सवर ‘शंभर टक्के नोकरी’ लिहिलंय ते मनावर घेऊ नका. शेवटी ऐरोलीतल्या काही कंपन्यांच्या एचआरचे ईमेल हातात ठेवतात, पुढे तुमचं तुम्ही. एसी आहे, पण गार फक्त मागच्या रांगा होतात. फी वीस हजार, दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता लांबला की ऑफिसातल्या मॅडम भर वर्गात नाव घेतात. तरीही माझ्याकडून पाचपैकी चार तारे.

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात पगारपत्रक करते. मस्टर, पीएफ, ईएसआयसी सगळं तोंडपाठ. ऐरोलीत अमेरिकन प्रोसेसला, म्हणजे तिकडच्या कंपन्यांचं काम इथून करायला, पगार बरा म्हणून हा क्लास लावला. बाकीच्या क्लासांत नुसतं सॉफ्टवेअर दाखवतात, इथे क्लिक करा, तिथे क्लिक करा. आमच्या सरांनी स्वतः वर्षानुवर्षं रात्रपाळीत तिकडचे पगार काढलेत. ते आधी वहीत आकडेमोड करायला लावतात आणि ही कपात कुणाच्या भांडणातून आली ते सांगतात.

पहिला दणका ओव्हरटाइमचा. १९३८चा फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट: आठवड्याला ४० तासांच्या वर दीडपट. (आपल्याकडे कारखान्यात कायद्याने दुप्पट आहे, हे मी लगेच बोलून घेतलं. सर हसले.) तिकडे पगार बहुधा दोन आठवड्यांनी होतो. समजा एका आठवड्यात ५० तास भरले आणि दुसऱ्यात ३०, तर एकूण ८० म्हणून ओव्हरटाइम शून्य असं नाही चालत. पहिल्या आठवड्याचे १० तास दीडपटीनेच द्यायचे. मग सरांनी फळ्यावर एक माणूस घेतला. तासाला २० डॉलर, ४६ तास. ८०० अधिक १८० म्हणजे ९८०, हे सगळ्यांना आलं. आता त्याला ४६ डॉलर प्रॉडक्शन बोनस द्या. अख्ख्या वर्गाने १०२६ लिहिलं. उत्तर १०२९. कारण ठरलेला बोनस मूळ दरात मिसळतो: ४६ डॉलर ४६ तासांवर वाटले की दर २१ होतो, म्हणजे ९६६, आणि सहा तासांचं जास्तीचं अर्धं त्या नव्या दराने निघतं, म्हणजे ६३. या ३ डॉलरवरून तिकडे कंपन्यांवर खटले होतात. माझ्या मते फीचे निम्मे पैसे इथेच वसूल.

उरलेले युनियनच्या वर्गणीच्या कपातीत. पगाराच्या स्लिपवर ती एकच ओळ असते, पण सरांनी तिच्यावर अख्खा रविवार घातला. १९३५च्या वॅग्नर अ‍ॅक्टने खाजगी कंपन्यांतल्या कामगारांना संघटना करून मालकाशी करार करायचा हक्क दिला. १९४७च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने त्याला लगाम घातला. पगारातून वर्गणी कापायची तर कामगाराची लेखी संमती हवी, आणि ती त्याला वर्षापेक्षा जास्त बांधून ठेवू शकत नाही. त्याच कायद्याने राज्यांना मुभा दिली की वर्गणीची सक्ती करणारे करार बंद करा. आज २६ राज्यांत तशी बंदी आहे. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन प्लांट, एक ओहायोत, एक शेजारच्या इंडियानात, तरी कपातीचे नियम वेगळे. मिशिगनने तर २०१२ला बंदी आणली आणि २०२४पासून उठवली, म्हणजे जुन्या नोट्स घेऊन बसलात तर गेलात. सरकारी नोकरांचं आणखी वेगळं. इलिनॉयच्या मार्क जेनस नावाच्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात २०१८ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असा निकाल दिला की सभासद नसलेल्याकडून युनियनसाठी पैसे कापता येणार नाहीत. करारातली पगारवाढ मात्र त्यालाही मिळते.

माझे बाबा वागळे इस्टेटला होते. त्यांच्याकडे पगाराच्या दिवशी गेटवर युनियनची माणसं पावतीपुस्तक घेऊन उभी राहायची, न देणाऱ्याकडे नुसतं बघायची. तो हिशेब कंपनीच्या कॉम्प्युटरवर आला की नजर जाते आणि कोर्ट येतं, एवढाच फरक मला दिसला.

आणि हो, ही वर्गणी टॅक्स कापल्यानंतरच्या रकमेतून जाते. परीक्षेत हमखास येतं.

सरांचं एक खटकलं. युनियनबद्दल बोलताना ते फार रंगतात. तिकडे किती जण युनियनमध्ये आहेत, असं मीच विचारल्यावर आकडा निघाला: १९८३ला शंभरात वीस, २०२४ला दहासुद्धा नाहीत. शेतमजूर आणि घरकामवाल्या तर १९३५च्या कायद्यातून सुरुवातीपासूनच वगळलेल्या. हे सांगायला नको? मोंटाना सोडलं तर बाकी राज्यांत बहुतेकांना कारण न देता घरी पाठवता येतं, ‘योग्य कारण’ लागतं ते मुख्यतः युनियनच्या करारात. पण कॅलिफोर्नियात काढलेल्या माणसाचा पूर्ण हिशेब त्याच दिवशी चुकवायचा, मुद्दाम उशीर केला तर दर दिवसाला एका दिवसाचा पगार दंड, तीस दिवसांपर्यंत. हे ऐकून मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “सर, माझं फुल अँड फायनल दिवाळीपासून अडकलंय.” त्यावर सरांकडे उत्तर नव्हतं.

राज्यांचे टॅक्स अगदीच उरकले. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाचा स्थानिक टॅक्स घरी वाचा म्हणाले, आणि तोच मुलाखतीत विचारतात. सरावाचं सॉफ्टवेअर जुनं आहे, दोघांत एक कॉम्प्युटर.

घ्यायचाच तर रविवार सकाळची बॅच घ्या, तिला सर स्वतः शिकवतात. संध्याकाळच्या बॅचला त्यांचा जुना विद्यार्थी असतो, तो चांगला आहे पण बोनसचं गणित त्याने आमच्या मैत्रिणीला १०२६च सांगितलं. आणि दुसरा हप्ता भरण्याआधी मिशिगनचं पान बदललंय का ते नोट्स उघडून बघा.