क्लोरोस्कोप: टाकीखाली पिवळं, शेवटच्या नळाला कोरं

४ स्टार. एक कापला, का ते खाली.

गाव आमचं काटोल रोडकडचं. पाणी समितीत घेतलं तेव्हा वाटलं मिटिंगला जायचं, सही करायची, चहा प्यायचा अन घरी यायचं. मग मागच्या पावसाळ्यात विहारामागच्या लाईनवर पोरांना जुलाब लागले, आणि जलसुरक्षक (गावच्या पाण्यात क्लोरीन टाकणारा माणूस) म्हणे भाऊ मी तर रोज टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. टाकतही होता बिचारा. शेवटी नागपूरला बर्डीवरून हा क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलं ते पिवळ्या रंगावरून दाखवणारा किट, आणला, किंमत म्हणाल तर पंचायतीच्या चहापाण्याच्या खर्चात बसेल एवढीच.

वापरायला सोपा आहे. नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीन नावाच्या द्रावणाचे) थेंब, हलवायचं अन लगेच रंग पट्टीशी लावायचा. लगेच म्हणजे लगेच, गप्पा मारत बसलात तर रंग गडद होत जातो अन आकडा फुगतो. नळाला लिटरमागे कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन पाहिजे.

पहिल्याच दिवशी टाकीखालच्या नळाला मस्त पिवळं आलं, आणि विहारामागच्या शेवटच्या घरी पाणी जसंच्या तसं, थेंबभर रंग नाही. इतके दिवस तपासणी काय ती टाकीजवळच व्हायची ना! लाईन चालत चालत बघितली तर एका जागी पाईप नालीतूनच गेलेला अन तिथला जॉईंट गळका, पाणी बंद झालं की नालीचं आत ओढलं जाणार आणि त्या घाणीतच सगळं क्लोरीन खपणार. दुसरं म्हणजे पावडर. ताजी टीसीएल ३३ टक्के धरली तर ५० हजार लिटरच्या टाकीला १५० ग्रॅममध्ये लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन पडतं, पण आमची गोणी तोंड उघडी ठेवून ओलीच्या खोलीत पडलेली, त्यात जोर कुठला राहणार, आणि माप काय तर मूठ. कोणाची मूठ ते नका विचारू. आता जॉईंट बदलला, तराजू आणला, पावडर झाकणाच्या ड्रममध्ये असते, शेवटच्या नळाला ०.२ दिसते.

स्टार कापला तो माहितीपत्रकासाठी, सगळं इंग्रजीत. जलसुरक्षकाने काय वाचायचं? ओटीचं द्रावण विषारी आहे, हाताला लागलं तर धुवायचं, तपासलेलं पाणी परत हंड्यात ओतायचं नाही, हे तर मोठ्या अक्षरात मराठीत पाहिजे होतं. आणि यात फक्त क्लोरीन कळतं बरं का. आमच्याकडे संत्र्याच्या बागांना खत पडतं, विहिरीत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर आहे का ते बघायला नमुना लॅबलाच न्यावा लागतो.

बाटली उन्हात ठेवू नका. आमची मे महिन्यात पंचायतीच्या खिडकीत राहिली अन स्वतःच पिवळी झाली, मग काय, बोअरच्या कच्च्या पाण्यातही क्लोरीन दाखवायला लागली. आता कपाटात, काळ्या कागदात गुंडाळून.