पहिला जुना कन्सोल: फॅमिकॉम-एनईएस, सुपर निन्टेन्डो की मेगा ड्राइव्ह?

जुने कन्सोल जमवायला सुरुवात करणारा माणूस बहुतेक वेळा आवडत्या गेमवरून यंत्र ठरवतो. ते बरोबरच आहे. पण तीस-चाळीस वर्षं जुनं यंत्र घरात आलं की रोजचा संबंध येतो तो वेगळ्याच गोष्टींशी: कॅसेट खाचेत नीट बसते का, अडॅप्टर योग्य आहे का, सेव्ह जपणारी बॅटरी अजून जिवंत आहे का. ही तुलना त्या बाजूने केली आहे.

निकाल आधीच सांगतो. मुख्यतः खेळायला आणि हातात सोल्डरिंग गन न धरता सांभाळायला हवा असेल, तर सेगाचा मेगा ड्राइव्ह. लांब पल्ल्याचे रोल-प्लेइंग गेम हेच खरं ओढीचं कारण असेल, तर सुपर फॅमिकॉम (सुपर निन्टेन्डोचं जपानी रूप). आठ बिटच्या जगावरच जीव असेल, तर १९९३चा एव्ही फॅमिकॉम (निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉमचं सुधारित रूप). पुढून कॅसेट सरकवायचा राखाडी एनईएस (फॅमिकॉमचं अमेरिकन-युरोपीय रूप) कपाटात सगळ्यांत देखणा दिसतो, पण पहिलं यंत्र म्हणून तो नको.

खाच आणि कॅसेट

एनईएस नको म्हणण्याचं कारण त्याच्या खाचेत आहे. १९८५ साली अमेरिकेत आलेल्या या यंत्रात कॅसेट व्हिडिओ प्लेअरसारखी आत सरकवून खाली दाबावी लागते. आतल्या ७२ पिनांच्या कनेक्टरवर प्रत्येक वेळी तिरका ताण येतो आणि स्प्रिंगसारख्या पट्ट्या हळूहळू दबून जातात. मग लाल दिवा सेकंदाला साधारण एकदा लुकलुकायला लागतो. यंत्र मेलं, असं समजून लोक ते कवडीमोलाने विकतात. खरं तर यंत्रातली कुलूप-चिप (परवानगी नसलेल्या कॅसेट अडवणारी) आणि कॅसेटमधली तिची जोडीदार चिप सतत एकमेकींशी बोलत असतात. मधला संपर्क तुटला की यंत्रातली चिप सगळं रीसेट करते, पुन्हा विचारते, पुन्हा रीसेट करते. दिव्याचं लुकलुकणं म्हणजे तेच.

उपाय क्रमाने करायचे. आधी कॅसेटच्या पिना ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या. कापसाची काडी पिनेच्या लांबीच्या दिशेने फिरवायची आणि ती काळी निघायची थांबेपर्यंत बदलत राहायची. तेवढ्याने भागलं नाही तर यंत्र उघडून कनेक्टर काढा, काही मिनिटं पाण्यात उकळा, पूर्ण वाळू द्या आणि मदरबोर्डची ज्या कडेवर तो बसतो ती कडसुद्धा पुसा. ही कड विसरली जाते आणि उकळण्याची मेहनत वाया जाते. नवा कनेक्टर मिळतो, पण त्यातले बरेचसे कॅसेट इतकी घट्ट धरतात की ओढून काढताना पिनांवरचा सोन्याचा मुलामा घासला जातो. जुना वाचत असेल तर तोच वाचवा. कुलूप-चिपचा चौथा पाय कापला की लुकलुकणं कायमचं थांबतं. मळ मात्र तसाच राहतो, फक्त आता पडद्यावर विस्कटलेलं चित्र दिसतं.

कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय सोडा. फुंकरीने चाललेली कॅसेट खरं तर काढून पुन्हा बसवल्यामुळे चाललेली असते. तोंडातली वाफ पिनांवर बसून गंज मागे ठेवते. पॉलिश पेपरही नको, त्याने मुलामाच निघतो.

फॅमिकॉममध्ये (जपान, १९८३) हा सगळा त्रास कमी आहे. ६० पिनांची कॅसेट वरून सरळ खाली बसते आणि यंत्रात कुलूप-चिपच नाही. एक मोठा फायदा आवाजाचा. फॅमिकॉमच्या कॅसेटमधून जादा आवाज यंत्रात मिसळता येतो. १९८९च्या 'अकुमाजो देन्सेत्सु'च्या कॅसेटमध्ये आवाजाचे तीन जादा चॅनल देणारी चिप आहे. एनईएसच्या कॅसेट-खाचेत ही वाटच ठेवलेली नाही, म्हणून त्याच गेमची 'कॅसलव्हेनिया ३' ही आवृत्ती तुलनेने रोडावलेली ऐकू येते. दोन्ही लागोपाठ ऐका, फरक पहिल्या मिनिटात कळतो.

सुपर निन्टेन्डोची खाच भरवशाची आहे. तिची एक खूण लक्षात ठेवा: ६२ पिनांपैकी मधल्या ४६ सगळे गेम वापरतात, तर दोन्ही टोकांच्या आठ-आठ पिना 'स्टार फॉक्स'सारख्या खास चिप असलेल्या कॅसेटना लागतात. साधे गेम चालतात आणि 'स्टार फॉक्स' काळा पडदा दाखवतो, असं झालं तर आधी खाचेची टोकं साफ करा.

मेगा ड्राइव्हची ६४ पिनांची खाच तिन्हींत सगळ्यांत कमी कटकटीची.

अडॅप्टर: इथे यंत्रं मरतात

एनईएसचं अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतं. फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअ‍ॅम्पिअर लागतं आणि जॅकचा आतला भाग निगेटिव्ह असतो. जॅक सारखाच बसतो, म्हणून घोटाळा होतो. एनईएसमध्ये रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) असल्याने फॅमिकॉमचं डीसी अडॅप्टर त्यावर चालतं. उलटं केलं, म्हणजे एनईएसचं एसी अडॅप्टर फॅमिकॉमला लावलं, तर आतले भाग जळतात. युरोपीय सुपर निन्टेन्डो पुन्हा ९ व्होल्ट एसीवर, अमेरिकन १० व्होल्ट डीसीवर आणि तोही स्वतःच्या वेगळ्या जॅकचा.

मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला ९ व्होल्ट डीसी, १.२ अ‍ॅम्पिअर लागतं, आत निगेटिव्ह. दुसऱ्या मॉडेलला १० व्होल्ट, ०.८५ अ‍ॅम्पिअर, आत पॉझिटिव्ह आणि जॅकही वेगळा. कुठलंही अडॅप्टर लावण्याआधी त्याच्या पाठीवरचं चिन्ह वाचा आणि मल्टीमीटरने तपासा. विकणाऱ्याने 'सोबत अडॅप्टर आहे' म्हटलं तर ते मूळचंच असेल असं धरू नका.

चित्र आणि आवाज

मूळ फॅमिकॉम फक्त अँटेनाच्या आरएफ सिग्नलवर चालतो आणि त्याचे कंट्रोलर यंत्राला कायमचे जोडलेले, वायर आखूड. एव्ही फॅमिकॉममध्ये काँपोझिट व्हिडिओ (सगळं चित्र एकाच वायरीतून) आणि सुटे कंट्रोलर आहेत, म्हणून शिफारस त्याची. एनईएस कुटुंबातून आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे पाठवणारं, सगळ्यांत स्वच्छ चित्र) हवं असेल तर यंत्रात वेगळा बोर्ड बसवावाच लागतो. सुपर निन्टेन्डो एस-व्हिडिओ (काँपोझिटहून स्वच्छ) आणि आरजीबी देतो. त्याच्या उशिराच्या, एकाच चिपमध्ये सगळं सामावलेल्या मॉडेलांचं चित्र आधीच्यांपेक्षा स्पष्टपणे धारदार असतं.

मेगा ड्राइव्हही आरजीबी देतो, पण त्याचा काँपोझिट कच्चा आहे, रंगांचे उभे पट्टे दिसतात. गंमत अशी की कलाकारांनी या कच्चेपणाचाच उपयोग करून घेतला. १९९१च्या 'सॉनिक'मधला धबधबा उभ्या रेघांनी काढलेला आहे. काँपोझिटवर त्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि पाणी पारदर्शक दिसतं. आरजीबीवर रेघा मोजता येतात. पहिल्या मॉडेलमधून स्टिरिओ आवाज पुढच्या हेडफोन जॅकमधूनच मिळतो, मागचा सॉकेट मोनो. दुसऱ्या मॉडेलचा मागचा सॉकेट स्टिरिओ, पण बऱ्याच बोर्डांवर आवाज गढूळ. एफएम संगीतासाठी (चिपने तयार केलेल्या सिंथेसायझरसारख्या आवाजासाठी) मेगा ड्राइव्ह घेत असाल तर वर 'हाय डेफिनिशन ग्राफिक्स' कोरलेलं पहिलं मॉडेल शोधा.

आजचे बरेच सपाट टीव्ही या यंत्रांचं २४० ओळींचं चित्र चुकीचं वाचतात, त्यामुळे ते धूसर होतं आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा बसते. चांगला स्केलर (जुनं चित्र नव्या टीव्हीला साजेसं करणारं उपकरण) किंवा जुना ट्यूबचा टीव्ही हवा. एनईएसची पडद्यावर नेम धरायची बंदूक तर ट्यूबच्या टीव्हीशिवाय चालतच नाही.

सेव्हची बॅटरी

'झेल्डा', 'सुपर मेट्रॉइड', 'क्रोनो ट्रिगर' अशा कॅसेटमध्ये सेव्ह एका नाणेवजा बॅटरीवर जगतो, बहुधा सीआर२०३२. ती काढली की सेव्ह गेला, म्हणून जपायचा असेल तर आधी कॅसेट वाचणाऱ्या उपकरणाने त्याची प्रत घ्या. मग ३.८ मिलिमीटरच्या गेमबिटने (या कॅसेटच्या खास स्क्रूंसाठीचा पेचकस) कॅसेट उघडा आणि पत्र्याचे पाय आधीच वेल्ड केलेली बॅटरी सोल्डर करा. बॅटरीवर थेट सोल्डर लावू नका, उष्णतेने ती फुटू शकते. टेपने चिकटवलेली बॅटरी दिसली तर ती कॅसेट अर्धवट दुरुस्त केलेली समजा. फॅमिकॉमच्या बऱ्याच कॅसेटना स्क्रू नसतात, खटक्यांवर बंद असतात आणि उघडताना ते मोडतात.

संग्रहात सुपर निन्टेन्डोचे असे गेम पन्नास असतील, तर पन्नास बॅटऱ्या कधी ना कधी बदलायच्या आहेत. मेगा ड्राइव्हचे बरेच गेम एका बैठकीत संपणारे किंवा पासवर्डचे आहेत. 'सॉनिक ३'ला तर बॅटरीशिवाय टिकणारी मेमरी आहे. माझा कौल मेगा ड्राइव्हकडे झुकतो त्यात याचा वाटा मोठा.

देश आणि नकला

युरोपीय यंत्रं ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं दाखवत चालतात. ज्या गेमांत त्यासाठी बदल केले नाहीत, ते सुमारे १७ टक्के मंद पळतात. पर्याय असेल तर ६० हर्ट्झचं जपानी किंवा अमेरिकन यंत्र घ्या. अमेरिकन सुपर निन्टेन्डोत जपानी कॅसेट अडते ती फक्त खाचेतल्या दोन प्लॅस्टिकच्या दांड्यांमुळे. त्या काढल्या की चालते. मेगा ड्राइव्हमध्ये नंतरच्या काही गेमांनी देश तपासायला सुरुवात केली, ते अडवतात.

नकली कॅसेट सगळ्यांत जास्त महाग सुपर निन्टेन्डो गेमांच्या निघतात. खऱ्या कॅसेटच्या लेबलवर प्रकाशात तिरकं धरलं की दाबून उमटवलेले दोन अंक दिसतात. उघडल्यावर बोर्डवर 'निन्टेन्डो' आणि साल छापलेलं हवं. चिपच्या जागी काळ्या लाखेचा थेंब असेल तर नकलेचा संशय घ्या. फॅमिकॉमला मात्र हा नियम लावू नका, तिथे काही अस्सल बोर्डांवरही असा थेंब असतो. मेगा ड्राइव्हमध्ये कॅसेटचा वेगळा आकार म्हणजे नक्कल नव्हे: इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या कॅसेट उंच आणि पिवळ्या पट्टीच्या असतात, तर कोडमास्टर्सच्या काही कॅसेटवर जादा कंट्रोलरचे दोन सॉकेट असतात.

राखाडी सुपर निन्टेन्डो पिवळा पडतो आणि वरचा-खालचा भाग वेगवेगळा पिवळा झालेलाही सर्रास दिसतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांनी रंग परत येतो, पण मिश्रण कमी-जास्त लागलं तर कायमचे डाग उरतात. पिवळेपणासाठी चांगलं चालणारं यंत्र सोडू नका. सोडा ते काळा पडदा दाखवणारं, 'फक्त साफ करायचं आहे' म्हणून विकलेलं. सुपर निन्टेन्डोचा सीपीयू गेला असेल तर नवा मिळत नाही, तो दुसऱ्या यंत्रातूनच काढावा लागतो.