नव्या खोक्यातला जुना सीडी रायटर

नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नसतो. मग लग्नाच्या जुन्या सीडी बघायला, एखादी लिहायला, म्हणजे तिच्यावर फाइली भरायला, लोक यूएसबीचा बाहेरचा रायटर घेतात. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यांपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत तो कुठेही मिळतो. निम्म्या किमतीत मिळाला, तर आत बऱ्याचदा भंगारात निघालेल्या लॅपटॉपचा ड्राइव्ह असतो आणि नवं असतं ते फक्त प्लास्टिकचं कव्हर. बाजारात याला पुल-आउट माल म्हणतात. तसं सांगून विकला तर तक्रार नाही. पण तो ‘ब्रँड न्यू’ म्हणून गळ्यात मारतात.

दुकानदार समोर लिहूनही दाखवतो. दहा एमबीची फाइल, दोन मिनिटांत सीडी बाहेर, फाइल उघडते, गिऱ्हाईक खूश. गोम इथेच आहे. सीडी मधून कडेकडे लिहिली जाते, त्यामुळे दहा एमबी म्हणजे भोकाजवळची बारीकशी कडी. डिस्क डुगडुगते ती कडेला, आणि पूर्ण वेगात लेसरला सर्वांत जास्त ताकद लागते तीही तिथेच. थकलेला लेसर ५००-६०० एमबीपर्यंत निभावतो आणि मग एरर देतो. घरी गेल्यावर हे कळतं, तेव्हा ‘तुमची सीडीच हलकी होती’ हे उत्तर तयार असतं.

म्हणून चाचणी पूर्ण सीडीची घ्या. चांगली कोरी सीडी-आर आणि ६५० एमबीच्या फाइली स्वतः न्या, १६एक्स वेगाला लिहा आणि ‘व्हेरिफाय’वर, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासण्यावर, टिक ठेवा. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढा वेळ द्यायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून घेऊच नये.

लिहिण्याआधीच ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ (लेसरची ताकद जुळवता आली नाही) आली तर लगेच ड्राइव्हला दोष देऊ नका. यूएसबी २.० पोर्टचा हिशोब ५०० मिलिअँपिअरचा. लिहिताना ड्राइव्ह क्षणभर एक अँपिअरच्याही वर खेचतो. दोन पोर्टांतून वीज घेणारी दोन तोंडांची वायर लावा किंवा थेट यूएसबी ३.० पोर्टला जोडा, मधे हब नको. डिस्कही बदलून बघा. तरीही तीच एरर आली तर लेसर गेलेला आहे. वायरचं निळं टोकही तपासा: खऱ्या यूएसबी ३.० ला ९ पिना असतात. निळं प्लास्टिक आणि आत चारच पिना असतील, तर बाकीच्या दाव्यांची किंमत समजा.

ड्राइव्ह डीव्हीडीही वाचत असेल, तर जुनेपणाचा एक पुरावा तो स्वतःच जपून ठेवतो. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, तिथे ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज, त्यात ‘डीव्हीडी रीजन’ उघडा. रीजन म्हणजे जगाच्या कुठल्या भागातल्या सिनेमाच्या डीव्हीडी चालाव्यात त्याचा आकडा. तो बदलायची मुभा एकूण पाच वेळा असते. कोऱ्या ड्राइव्हमध्ये रीजन निवडलेलाच नसतो आणि पाचही संधी शिल्लक दिसतात. ‘नव्या’ ड्राइव्हमध्ये दोनच उरल्या असतील तर तो आधी कुणीतरी वापरला आहे. उलट पाच दिसल्या म्हणून नवा ठरत नाही. त्यावर सिनेमा कधी लावलाच नसेल.

दुसरी लबाडी कॉम्बो ड्राइव्हची. तो डीव्हीडी वाचतो, पण लिहितो फक्त सीडी. पुढची पट्टी बदलून तो डीव्हीडी रायटर म्हणून खपवता येतो. इमेजबर्न या फुकट प्रोग्रॅममध्ये ‘कॅपॅबिलिटीज’ उघडलं की काय लिहिता येतं ते समोर येतं. तिथे ड्राइव्हचं आतलं नावही दिसतं: ‘एचएल-डीटी-एसटी’ म्हणजे हिताची-एलजी, ‘टीएसएसटीकॉर्प’ म्हणजे तोशिबा-सॅमसंग. कव्हरवर दुसरं नाव असणं हा गुन्हा नाही. एकमेकांचे ड्राइव्ह घालणं ही या धंद्यातली जुनी रीत आहे.

‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणजे दुकानात चालला, संपलं. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर आणि ‘नवा’ हा शब्द लिहून घ्या. ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडल्यापासून पूर्ण सीडी लिहून होईपर्यंत न थांबवता व्हिडिओ काढा. विक्रेत्याने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तेव्हा बिल आणि हा व्हिडिओ हाताशी ठेवा.