स्टॅन्ले कप प्लेऑफ : दोन महिने पहाटेचा गजर लावण्याइतकं त्यात काही आहे का?

आयपीएलमध्ये चौदा साखळी सामने खेळून तिसरा-चौथा आलेला संघ एलिमिनेटरच्या एका वाईट संध्याकाळी घरी जातो. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगच्या आइस हॉकीत ही सोय नाही. तिथे प्लेऑफमधली प्रत्येक लढत सात सामन्यांची असते आणि चार सामने जिंकणारा पुढे जातो. अशा चार फेऱ्या. म्हणजे स्टॅन्ले कप, एनएचएलच्या विजेतेपदाचा करंडक, उचलायला १६ विजय लागतात, आणि ते मिळवताना संघ २८ सामन्यांपर्यंत खेळू शकतो. हे सगळं ८२ सामन्यांची साखळी संपवल्यावर. एप्रिलच्या मध्याला सुरू झालेलं प्रकरण जून अर्धा सरल्यावर कुठे आटोपतं.

एवढा वेळ खर्च करावा का? करावा, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे जादा वेळ. साखळीत बरोबरी झाली की तीन-तीन खेळाडूंची पाच मिनिटं आणि मग शूटआउट, असं झटपट उरकतात. प्लेऑफमध्ये हे दोन्ही बंद. पाच विरुद्ध पाच, वीस मिनिटांचा पूर्ण पिरियड (एरवीचा सामना अशा तीन पिरियडचा), आणि पहिला गोल पडला की सामना खलास. नाही पडला तर पंधरा मिनिटांची विश्रांती, बर्फ नव्याने गुळगुळीत करायचा आणि पुन्हा वीस मिनिटं. याला शेवट नाही. २४ मार्च १९३६ ला डेट्रॉइट आणि मॉन्ट्रियल मरून्स यांच्यात जादा वेळच ११६ मिनिटं ३० सेकंद चालला. सहाव्या जादा पिरियडमध्ये मड ब्रुनेटोने सामन्यातला एकुलता एक गोल केला. ऑगस्ट २०२० मध्ये टॅम्पा बेने कोलंबसला पाचव्या जादा पिरियडमध्ये हरवलं, तेव्हा कोलंबसचा गोली, म्हणजे गोलरक्षक, योनास कोर्पिसालो ८५ फटके अडवून हरला.

नव्या माणसाची जादा वेळात एक चूक हमखास होते : तो पकमागे डोळे पळवतो. पक म्हणजे चेंडूच्या जागी असलेली चकती : एक इंच जाड, तीन इंच रुंद, कडक रबराची. पडद्यावर तो अर्धा वेळ दिसतच नाही. त्याऐवजी गोलीसमोरची गर्दी बघा. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात, कारण ऊब लागली की तो उसळतो. पिरियड सरत जातो तसा बर्फही खरवडला जातो, आणि मग नाजूक पास देण्याची कुणाची छाती होत नाही. लांबून फटका मारायचा, गोलीच्या डोळ्यांपुढे आपला माणूस उभा करायचा, स्टिक लावून दिशा बदलायची किंवा गोलीच्या अंगावरून परत आलेला पक ढकलायचा. निकाल लावणारे गोल बहुतेक असेच येतात.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट बाकाची. खेळाडू पाऊण मिनिटाच्या आसपास खेळून बाकावर परततात. दर पिरियडला बाजू बदलते, त्यामुळे दुसऱ्या पिरियडमध्ये आपला गोल आपल्या बाकापासून लांब पडतो. पहिला जादा पिरियड हा हिशेबाने चौथा, म्हणून तिथेही तीच गत. स्वतःच्या गोलसमोर अडकलेल्या पाच जणांना बदलीसाठी बाकापर्यंत पोहोचताच येत नाही, ते दीड-दोन मिनिटं धापा टाकत राहतात आणि तिथेच घात होतो. समालोचक हे दर वेळी समजावून सांगत नाहीत.

यजमानपणाचाही फायदा नुसत्या आरडाओरडीचा नसतो. खेळ थांबल्यावर शेवटची बदली करण्याचा हक्क यजमान प्रशिक्षकाकडे असतो, म्हणजे समोरच्याचा हुकमी खेळाडू उतरलेला पाहून तो आपला सर्वोत्तम बचावपटू त्याच्यावर सोडतो. सामन्यांची वाटणी दोन-दोन-एक-एक-एक अशी. सरस संघाला पहिले दोन आणि पाचवा, सातवा सामना घरी मिळतो. एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडसारखा हुकमी खेळाडू घरी मोकाट आणि परगावी जखडलेला दिसला तर त्यामागे बऱ्याचदा हाच हक्क असतो.

आता घोडं पेंड खातं ती जागा. २०१३-१४ पासून मांडणी विभागवार आहे. लीगच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत दोन विभाग : प्रत्येक विभागातले पहिले तीन आणि प्रत्येक कॉन्फरन्समधून दोन वाइल्ड कार्ड, म्हणजे उरलेल्यांतले सरस दोन, असे १६ संघ. विभागातल्या दुसऱ्या-तिसऱ्याची गाठ पहिल्याच फेरीत, आणि फेरी संपल्यावर क्रमांक नव्याने लावत नाहीत. परिणाम काय, तर एडमंटन आणि लॉस एंजेलिस २०२२ ते २०२५ अशी सलग चार वर्षं पहिल्याच फेरीत भिडले आणि चारही वेळा एडमंटन जिंकलं. २०२५ मध्ये डॅलस आणि कोलोरॅडो, दोघंही कपाचे दावेदार, पहिल्याच फेरीत समोरासमोर. सातव्या सामन्याच्या तिसऱ्या पिरियडमध्ये डॅलसच्या मिक्को रँटानेनने आपल्याच जुन्या संघावर तीन गोल चढवले. लढत अफलातून, पण ती मे महिन्याच्या अखेरीला शोभली असती. जेवणात श्रीखंड आधी वाढून वरणभात मागून आणण्याचा हा प्रकार आहे.

पंचगिरीचंही तेच रडगाणं. सामना रंगात आला की ओढाताण, आडवी स्टिक याकडे काणाडोळा होतो. पण बचावपटूच्या हातून आपल्या भागातून पक थेट काचेपलीकडे गेला की दोन मिनिटांची शिक्षा ठरलेली, मग तो सातव्या सामन्याचा जादा वेळ का असेना. दुखापतींची माहिती तर ‘कमरेच्या वर’ किंवा ‘कमरेच्या खाली’ यापलीकडे मिळत नाही. मोडलेल्या हाडाची बातमी संघ बाहेर पडल्यावर फुटते.

आणि साखळीच्या तक्त्यावर विसंबून भाकितं करू नका. २०१९ मध्ये ६२ सामने जिंकलेल्या टॅम्पा बेला कोलंबसने ४-० ने गुंडाळलं. २०२३ मध्ये बोस्टनने ६५ विजय आणि १३५ गुणांचा विक्रम केला आणि पहिल्या फेरीत ३-१ ने पुढे असूनही शेवटच्या वाइल्ड कार्डवर आत आलेल्या फ्लोरिडाकडून हरले. गोली दोन आठवडे भरात असला की ८२ सामन्यांचं गणित कोलमडतं.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळापत्रक असं : पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला, पश्चिमेचा रात्री दहाचा सकाळी साडेसातला. (पूर्वेच्या घड्याळाने दहा; त्यांचा गोंधळ हा कायमचा.) अडीच-पावणेतीन तास धरा. पहिल्या फेरीत आठ लढती एकदम चालतात. सगळ्या बघायच्या म्हटलं तर नोकरी जाईल. दोन निवडा, त्यांतली एक पश्चिमेची असू द्या, म्हणजे झोप वाचेल. मधले सामने सारांशावर भागतात, सातवा मात्र थेटच बघायचा. नमुना म्हणून २०२५ ची अंतिम लढत काढा. पहिला, दुसरा आणि चौथा असे तीन सामने जादा वेळात गेले. चौथ्यात एडमंटनने ०-३ अशा पिछाडीवरून ५-४ ने बाजी मारली, तरी सहा सामन्यांत कप फ्लोरिडाकडेच राहिला.

शेवटच्या सामन्यानंतर लगेच पडदा बंद करू नका. हातापायी केलेले दोन्ही संघ रांगेने हस्तांदोलन करतात. ते प्रत्येक लढतीनंतर होतं. मग कप येतो : साडेपंधरा किलोंचा, जवळपास ९० सेंटिमीटर उंच. लीगच्या प्रमुखाच्या, म्हणजे कमिशनरच्या हातून कर्णधार तो घेतो आणि तेवढ्या वेळात प्रेक्षक कमिशनरची यथास्थित हुर्यो उडवतात. पुढे कप एकेका खेळाडूच्या हाती जातो. कर्णधार तो आपल्यानंतर कुणाला देतो ते बघा. बहुतेक वेळा तो एखाद्या म्हाताऱ्या होत चाललेल्या, पहिल्यांदाच जिंकलेल्या खेळाडूच्या हातात पडतो.