यूव्ही वापरून आठ महिने झाले, पण आधी डिस्कचं बोलू

यूव्ही, म्हणजे पायथनच्या लायब्रऱ्या उतरवून बसवणारं टूल, किती वेगवान आहे हे सगळ्यांनी सांगून झालंय. मला डिस्कबद्दल बोलायचंय.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला, सकाळी काम द्यायचं असताना, टर्मिनलवर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. माझी एसएसडी २५६ जीबीची. मोठी घेता येईल, पण चालतंय ते कशाला बदलायचं? शोधलं तर होम फोल्डरच्या डॉट कॅशमध्ये, म्हणजे उतरवलेलं पुन्हा वापरायला साठवायच्या जागेत, यूव्ही ४१ जीबी अडवून बसलेलं. नको ते काढणारी 'कॅश प्रून' कमांड मारून जेमतेम थोडी जागा सुटली.

तिरमिरीत ठरवलं, परत पिप, पायथनचं नेहमीचं लायब्ररी बसवणारं टूल. २००८ पासूनचं खोड, संथ, पण ओळखीचं. मग आठवलं की पिप सोडलं कशामुळे. जुन्या रिक्वायरमेंट्स फाइलवर (लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी) एकमेकींशी जुळतात का हे पाहायला ते एकेका लायब्ररीच्या मागच्या आवृत्त्या उतरवून बघत बसायचं आणि माझा दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारच्या चहाआधीच संपायचा. २०२४ च्या फेब्रुवारीत यूव्ही आलं तेव्हा 'आणखी एक आलं' म्हणून मी ढुंकून पाहिलं नव्हतं. शेवटी वळले ती या डेटापायी.

तर सगळं पुसायच्या बेतात असताना एक पिवळी ओळ नीट वाचली: हार्डलिंक जमली नाही, पूर्ण कॉपी करतोय. इतके महिने ही ओळ रोज डोळ्यांसमोरून जात होती आणि मी तिला सिगारेटच्या पाकिटावरचा इशारा समजत होते.

गोम अशी. माझ्या लिनक्सवर यूव्ही लायब्ररी एकदाच कॅशमध्ये उलगडून ठेवतं आणि प्रत्येक प्रोजेक्टला तिची हार्डलिंक देतं, म्हणजे फाइल एकच, नावं अनेक. पण हार्डलिंक दोन वेगळ्या डिस्कांमध्ये होत नाही. माझी कॅश एसएसडीवर आणि प्रोजेक्ट्स जुन्या १ टीबीच्या हार्ड डिस्कवर. त्यामुळे कॅश एकीकडे फुगली, कॉप्या दुसरीकडे. दोष कोणाचा? माझाच, पण ती ओळ जरा लाल रंगात द्यायला काय हरकत होती?

'यूव्ही कॅश डिर' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हार्ड डिस्ककडे वळवला, जुनी कॅश पुसली, पाचही प्रोजेक्ट्सचे व्हेन्व्ह (प्रत्येक प्रोजेक्टचा लायब्रऱ्यांचा स्वतंत्र फोल्डर) नव्याने सिंक केले. मग जागा मोजणाऱ्या 'डीयू' कमांडने एकेक व्हेन्व्ह मोजला तर आकडे होते तेवढेच! पुन्हा पारा चढला. नंतर कळलं, वेगवेगळं मोजलं की डीयू तीच फाइल दर वेळी धरतं. कॅश आणि पाचही व्हेन्व्ह एकाच कमांडमध्ये दिले तेव्हा बेरीज निम्म्याहून खाली आली. टॉर्च ही मशीन लर्निंगची लायब्ररी तर माझ्या ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही कूडाचं, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीचं, कित्येक जीबी बिऱ्हाड आणत होतं. ते पिपवरही येतंच, पण यूव्हीत पायप्रोजेक्ट या सेटिंग्जच्या फाइलमध्ये टॉर्चपुरता सीपीयूचा इंडेक्स (कुठून उतरवायचं तो पत्ता) लिहिला आणि आवृत्त्या पक्क्या करणाऱ्या लॉक फाइलमुळे तो विषय संपला. त्या दिवशी यूव्हीला पाचपैकी पाच देणार होते.

परवा दीड कमी केले. एका प्रोजेक्टमध्ये बग शोधताना लायब्ररीच्याच फाइलमध्ये शिरून प्रिंट टाकला होता, 'इथे आली का'. वाईट सवय, पण वीस वर्षांची. तीन दिवसांनी भलत्याच प्रोजेक्टचा रिपोर्ट चालवला आणि मधोमध छापून आलं: इथे आली का. अंगावर काटाच आला. फाइल एकच, नावं अनेक, हे मी वर मोठ्या ऐटीत सांगितलंय ना, त्याचीच ही फळं. नुसती कॅश पुसून भागलं नाही, ज्या ज्या प्रोजेक्टमध्ये ती लायब्ररी होती तिथे तिथे 'रीइन्स्टॉल पॅकेज' देत फिरले. पिप डाउनलोडची कॅश ठेवतं, पण प्रत्येक व्हेन्व्हला स्वतःची कॉपी देतं. तिथे माझा गाढवपणा एका घरापुरता राहिला असता.

बाकी किरकोळ: यूव्हीच्या व्हेन्व्हमध्ये पिप नसतं, ते हवं तर व्हेन्व्ह बनवताना 'सीड' हा पर्याय द्यावा लागतो. सवयीने पिप इन्स्टॉल टाइप केलं की उबुंटू 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' (हा पायथन मी सांभाळतो, हात लावू नका) म्हणून दारातूनच परत पाठवतं. वैतागायला होतं, पण चूक उबुंटूची नाही.

क्लायंटच्या सर्व्हरवर अजून पिपच आहे. तिकडे 'यूव्ही एक्सपोर्ट'ने रिक्वायरमेंट्स फाइल काढून पाठवते, त्यांना पत्ताही नसतो. आणि प्रिंट टाकायची हुक्की आलीच तर त्या प्रोजेक्टपुरता लिंक मोड कॉपीवर ठेवून टॉर्चशिवायचा वेगळा व्हेन्व्ह बनवते. चारशे एमबी जातात. जाऊ देत.