सही कुणाची? मुलीच्या लसीचा प्रश्न इंग्लंडमध्ये, कॅलिफोर्नियात आणि आपल्याकडे

माझ्या दोन भाच्या, दोघीही तेरा वर्षांच्या. एक लंडनजवळ, दुसरी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला. मी पुण्यात. मागच्या महिन्यात लंडनवालीचा मेसेज आला : "मावशी, शाळेत एचपीव्हीची लस देणारेत. बाबा फॉर्मच भरत नाहीयेत. मीच हो म्हटलं तर चालतं का गं?"

चालतं. पण सॅन होजेच्या भाचीने हेच विचारलं असतं तर मी 'चालतं, पण' म्हटलं असतं, आणि शेजारच्या तेरा वर्षांच्या मुलीला सरळ 'नाही' सांगावं लागलं असतं. लस तीच, वय तेच. म्हणून तिन्ही ठिकाणचं शेजारी-शेजारी मांडते.

आधी हे की, ही लस गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूविरुद्ध आहे. तो शरीरसंबंधातून पसरतो, त्यामुळे लस त्याआधी घेतली तरच तिचा पुरता फायदा. घोडं पेंड खातं ते इथेच. धनुर्वाताच्या इंजेक्शनला कुठल्याही बापाने कधी "आत्तापासून कशाला?" असं विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

इंग्लंड : वय नाही, समज

तिथे सोळा पूर्ण झाली की १९६९ च्या कायद्यानुसार स्वतःची संमती पुरते. सोळाच्या आतल्यांसाठी आधार आहे तो १९८५ च्या एका निकालाचा. व्हिक्टोरिया गिलिक नावाच्या आईने दावा लावला होता की, आपल्या सोळाखालच्या मुलींना डॉक्टरांनी आपल्याला न विचारता संततिनियमनाचा सल्ला देऊ नये. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, ती तीन विरुद्ध दोन अशा मतांनी हरली. ठरलं ते असं : काय करणार आहेत, कशासाठी आणि त्याचं पुढे काय होऊ शकतं हे मुलाला नीट उमगत असेल, तर त्याची संमती ही संमतीच. गंमत म्हणजे, जी बाई हरली तिच्याच नावाने ही कसोटी आज ओळखली जाते.

प्रत्यक्षात घडतं ते साधं. शाळेच्या हॉलमध्ये नर्स बसलेली असते. फॉर्म आला नसेल तर ती बहुधा आधी घरी फोन लावते. मग मुलीला बाजूला घेऊन विचारते : ही लस कशासाठी? टोचल्यावर काय त्रास होऊ शकतो? घरचे काय म्हणतात आणि तुला काय वाटतं? उत्तरं पटली तर टोचते. अशा मुलीने हो म्हटल्यावर बापाचा नकार आडवा येत नाही. पण हा गुपचूप मार्ग नव्हे, घरी कळण्याची तयारी हवी.

दुसरी गोष्ट घाईची. सप्टेंबर २०२३ पासून तिथे एकच डोस लागतो, आणि शाळेत राहून गेला तर पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत फुकट मिळतो. म्हणजे बाबांशी बोलायला दोन महिने गेले तर आभाळ कोसळत नाही. दहा वर्षं घालवणं मात्र वेडेपणा.

कॅलिफोर्निया : बारा म्हणजे बारा

इथे समज तोलायला कुणी बसत नाही. १ जानेवारी २०१२ पासून लागू झालेल्या कायद्याने बारा वर्षांवरच्या मुलांना लैंगिक संसर्ग टाळणाऱ्या उपचारांसाठी स्वतः संमती देता येते. एचपीव्ही आणि हेपॅटायटिस-बीच्या लसी त्यात येतात. विसंगती अशी की, हीच मुलगी साध्या फ्लूच्या लसीसाठी आईची सही आणते! २०२२ मध्ये ही सवलत सगळ्याच लसींना देणारं विधेयक आलं होतं, पण मतं जमेनात म्हणून मांडणाऱ्यानेच ते मागे ठेवलं.

'पण' आहे तो इन्शुरन्सचा. पॉलिसी बापाची, म्हणजे कागद घरी येणार. १ जुलै २०२२ पासून अशा नाजूक उपचारांचा पत्रव्यवहार विमा कंपनीने थेट त्या मुलीशीच करायचा असा नियम आहे. तरीही दवाखान्यात आधीच विचारून घ्यावं : कागद कुठे जाईल, ॲपवर आईला काय दिसेल? आणि पंधराव्या वाढदिवसाआधी सुरुवात केली तर दोन डोस, नंतर तीन. म्हणजे थांबण्याची किंमत इथे एक जास्तीची सुई.

हे कॅलिफोर्नियापुरतंच. राज्य बदललं की नियम बदलतो. राजधानी वॉशिंग्टनने २०२० मध्ये अकराव्या वर्षापासून लसींना स्वतःची संमती चालेल असा कायदा केला होता, तो मार्च २०२२ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी रोखला.

महाराष्ट्र : अठरा, आणि त्यामागची भीती

लस आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, २०२३ पासून बाजारात आहे, पण अठरापर्यंत सही पालकाचीच. फौजदारी कायदा बाराच्या आतल्या मुलाची संमती मानत नाही. मग बारा ते अठरामधल्यांची का चालू नये, असा वाद घालता येतो. पण त्या भरवशावर कुठला डॉक्टर सुई हातात घेणार? सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी असलेल्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये मुली एकट्या जाऊन बोलू शकतात, सल्ला मिळतो. मात्र शरीरसंबंधांचा विषय निघाला तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं डॉक्टरला भाग आहे. हे कळलेली मुलगी तोंड उघडत नाही.

कायद्याचा एक अजब कोपरा सांगते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात, एचआयव्हीची झळ बसलेल्या घराचा गाडा ओढणारं बारा ते अठरा वयाचं समजदार भावंड धाकट्याचं पालक होऊ शकतं, त्याच्या उपचारांचंही बघू शकतं. म्हणजे या वयात समज असते हे आपल्याला मान्य आहे, फक्त स्वतःच्या शरीरापुरती नाही.

तरी 'आपणही इंग्लंडसारखं करा' असं मी चटकन म्हणणार नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीचीच लस प्रकल्प म्हणून दिली गेली. खम्ममच्या वसतिगृहांत कितीतरी मुलींच्या फॉर्मवर सह्या होत्या वॉर्डनच्या. पालकांना पत्ता नाही, मुलींना कुणी विचारलं नाही. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत लसीशी संबंध दिसला नाही, पण एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. आपल्याकडे धोका आहे तो हा : मुलगी आईबापांना डावलेल याचा कमी, आणि तिसराच कुणी दोघांनाही डावलेल याचा जास्त. म्हणून इथे मुलीने एकट्याने वाट शोधण्यापेक्षा आईला गाठावं. एका पालकाची सही पुरते, आणि पंधराच्या आत दोन डोसांत काम होतं.

लंडनच्या भाचीला मी सांगितलं, आधी बाबांना स्पष्ट सांग की फॉर्म आला नाही तरी मी नर्सला हो म्हणणार आहे, मग म्हण. नर्सचे प्रश्न फोनवर तिला विचारून पाहिले. हात दुखतो, चक्कर येऊ शकते, इथपर्यंत तिने घडाघडा सांगितलं. तेच प्रश्न भावोजींना विचारले तर ते म्हणाले, "ते आम्हाला काय माहीत, आम्ही काय डॉक्टर आहोत?" फॉर्म अजून भरलेला नाही. नर्स पुढच्या मंगळवारी येणार आहे.