५५ इंची टीव्ही की प्रोजेक्टर?

गणपतीला चाकरमानी आले की आमच्या देवगडच्या घरात वीस-पंचवीस डोकी आणि समोर ३२ इंची टीव्ही. मागच्यांना स्कोअर दिसतच नाही. बजेट तीस हजारांच्या आतलं. भाऊ म्हणतो प्रोजेक्टर, मी म्हणतो ५५ इंची एलईडी.

प्रोजेक्टरचा मोह खरा आहे. चुन्याच्या भिंतीवर १०० इंची चित्र, काम झालं की कपाटात. पण स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर ‘४के सपोर्ट’ लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. तो ४के सिग्नल घेतो. दाखवतो मात्र बऱ्याचदा १२८० × ७२० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके. खरं ४के म्हणजे ३८४० × २१६०. शिवाय काळोख हवा. भावाने मित्राचा आणून ओटीवर लावला, तर दुपारी चारला फलंदाज कुठला नि खांबाची सावली कुठली, कळेना. रात्री मात्र झकास दिसला, अगदी पाल खेळपट्टीवरून चालत गेली तरी.

टीव्ही भरदुपारीही दिसतो. ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेवढंच बरं. खोका रिक्षात मावत नाही. टेम्पोत उभाच आणायचा, आडवा टाकला तर पॅनेल जाऊ शकतं. खाऱ्या वाऱ्याच्या खिडकीसमोर लावू नका. विजा कडाडल्या की प्लग काढा, डिशची वायरसुद्धा.

मी टीव्हीच घेतोय. भाऊ अजून रुसलेला आहे.